आरकसाची मूठ

मी पेठकडं गेलो ते हिंडायला म्हणून नाही. आमची मंडळी, चांगुणा, पावसाळ्याच्या तोंडाला गेली. जाताना एक काम सांगून गेली, ते करायला गेलो. आल्यावर विहारातली माणसं म्हणाली, आबा, त्या बाजूला आपल्यातलं कोणी जात नाही, लिहून काढा. माझी शाळा चौथीपर्यंत. बोलतो तसं लिहिलंय. ज्याला शुद्ध पाहिजे त्यानं दुसरं काहीतरी वाचावं.

सायखेडा

आमच्या चुलीपाशी एक लाकडाची मूठ होती. वीतभर लांब, हाताला बसेल अशी गोल, तेल पिऊन काळी झालेली, आणि मधोमध एक खाच. चांगुणा लग्न होऊन आली तेव्हा ट्रंकेत घालून घेऊन आली. तिनं ती लसूण कुटायला घेतली. घरात चांगला दगडी बत्ता होता, पण मिरची म्हणा, शेंगदाणे म्हणा, तिला तीच लागायची. मी कधी विचारलं नाही. बाईच्या चुलीपाशी काय काय पडलेलं असतं, गडीमाणूस थोडाच चौकशी करत बसतो.

शेवटी शेवटी तिला बोलायला दम पुरत नव्हता. एकदा दुपारी सुनेनं पेज पाजून तोंड पुसलं, तर माझ्याकडं बघून म्हणाली, "ती मूठ आमच्या आरकसाला पोचती करा. तुम्ही जा. पोराला पाठवू नका."

आमचा आरकस म्हणजे तिचा थोरला भाऊ किसनदादा, एवढं मला कळलं. तिच्या माहेरच्यांना सगळे आरकसच म्हणायचे. माझ्या आईचं डोकं फिरलं की ती ओट्यावरनं ओरडायची, "आरकसाची पोर ती! तिला काय मेथी खुडता येणार!" आरकस म्हणजे रानात लाकडाची कामं करणारे, इतपत मला ठाऊक. सासरा त्याच कामात खपला. पण हा शब्द कुठला, त्याचा अर्थ काय, माणसाला असलं नाव का पडतं, ते काही कळलं नव्हतं. आई गेली. आता ही गेली. ज्यांच्या तोंडात तो शब्द होता ती दोन्ही तोंडं मिटली.

चांगुणाच्या मातीला किसनदादा आला नव्हता. त्याचा मुलगा वामन एकटा आला. म्हणाला, बाबा आजारी आहेत, त्यांना सवडीनं सांगतो. मीही त्या वेळी भानावर नव्हतो.

खरिपाची कामं उरकली आणि मी निघालो. सून संगीता हिनं भाकरी आणि ठेचा बांधून दिला. पाण्याच्या बाटल्या मात्र सवयीनं दोन दिल्या, एक चांगुणाची. मी दोन्ही पिशवीत ठेवल्या, तिला काही बोललो नाही. पुलावरनं गाडी निघाली तेव्हा गोदावरी सगळी पाणवेलीनं झाकलेली होती. खाली पाणी आहे की नाही तेही कळत नव्हतं.

नाशिक

पेठच्या गाडीला वेळ होता. पूर्वी मी भाजी घेऊन यायचो तेव्हा लाकूडबाजारावरून जाणं व्हायचं. म्हटलं, आरकस कोण हे लाकूडवाल्याला नाही कळणार तर कोणाला कळणार. गेलो. बहुतेक दुकानांत आता प्लायवूडच. पोरांना विचारलं तर एक म्हणतो, "कुठल्या कंपनीचा माल हाय बाबा?"

शेवटी एका वखारीत एक म्हातारे मुसलमान चाचा बिडी ओढत बसलेले दिसले. विचारलं, "चाचा, आरकस म्हणजे काय हो?"

ते हसले. "हा कुठून उकरून काढला? मेला की तो लफ्ज." मग म्हणाले, "असली शब्द आराकश. तुमच्या खेड्यात घासून घासून आरकस झाला. आरा म्हणजे मोठी करवत, माणसापेक्षा लांब. अन् कश म्हणजे..." त्यांनी बिडी तोंडाला लावली आणि गाल आत जाईपर्यंत ओढली. "हा काय आहे?"

"कश."

"बस्स. ओढला की कश. फारसीतलं आहे, आमचे अब्बा सांगायचे. आरा ओढणारा तो आराकश."

"ओढणारा? कापणारा नाही?"

"कापतो तो आरा. माणूस नुसता ओढतो. जंगलात खड्डा करायचे, वर ओंडका आडवा टाकायचे. एक वर उभा, एक खाली खड्ड्यात. वरच्यानं ओढलं की खालच्यानं हात सैल सोडायचा, खालच्यानं ओढलं की वरच्यानं. दिवसभर. अशा फळ्या पडायच्या, कागदासारख्या."

मी पिशवीतून मूठ काढून दिली. त्यांनी डोळ्याजवळ धरली, खाचेत अंगठ्याचं नख घातलं. "ही खालच्या माणसाची. हिच्यात पात्याचं टोक बसतं. पाचर ठोकली की पक्की, पाचर काढली की सुटी. कोणाची?"

"बायकोची."

"बायकोच्या बापाची म्हणा."

मलाही तसंच वाटलं. म्हणलं, "हां, तसंच असेल."

"आता मशीनवर बटण दाबायचं. ओढणारा राहिला नाही, मग त्याला हाक कोण मारणार?" चाचांनी मूठ परत दिली आणि चहा सांगितला. चहा चांगला होता. एवढा जुना शब्द, आणि त्यात एवढंच निघालं: ओढणारा. मला वाटलं होतं काहीतरी वाईट निघेल. आई ज्या आवाजात म्हणायची त्यावरून.

घाट

गाडीत मी खिडकी सोडून बसलो आणि खिडकीच्या जागेवर पिशवी ठेवली. चांगुणाला घाट लागायचा, तिला खिडकी लागे. सवयीनं बसलो आणि बसल्यावर ध्यानात आलं.

कंडक्टर म्हणाला, "आजोबा, पिशवीचं तिकीट काढलंय का?"

मागच्या बाया हसल्या. मीही हसलो. सरकलो खिडकीशी. मग सावळघाट येईपर्यंत बाहेरच बघत राहिलो, आत बघायची सोय नव्हती.

आमच्याकडं सपाट रान. जिथवर नजर जाईल तिथवर कांदा, ऊस, टोमॅटोच्या तारा. इकडं जमीन उभीच. उतारावर नागली पिकून तांबूस झालेली, आणि टेकड्यांवर खुरासणीची फुलं. इतका पिवळा रंग मी हळदीत पण बघितला नाही. आमच्याकडं बांधावरून भाऊ भावाचं डोकं फोडतो, इकडं बांधच दिसेना. जंगल मात्र मी लग्नानंतर पहिल्यांदा आलो तेव्हासारखं राहिलेलं नाही. तेव्हा सागाखालून जाताना दुपारी दिवा लावावासा वाटायचा. आता मधून मधून टक्कल पडलंय.

पेठला उतरून जीप धरली. किसनदादाच्या पाड्याच्या फाट्यावर उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. डोक्यावर मोळी घेऊन एक बाई चाललेली, ती थांबली. मोळीतलंच एक सालपट काढलं आणि बसून माझी चप्पल बांधून दिली. नाव नाही, गाव नाही. आमच्या गावात आधी विचारतात कोणाचे तुम्ही.

पाडा

किसनदादा अंगणात बाजेवर बसला होता. केवढा दांडगा गडी, आता नुसती हाडं. डाव्या हातावरनं वारं गेलेलं. मला बघून त्याचं तोंड उजळलं.

"जय भीम दाजी! या या!" आणि माझ्यामागं रस्त्याकडं बघून म्हणाला, "अन् चांगुणा? मागं राहिली काय? लय हळू चालती व्हय आता?"

दारात यमुनावहिनी, त्याची बायको, तोंडावर पदर घेऊन उभी. वामन पळत आला, माझी पिशवी घेतली आणि मोठ्यानं म्हणाला, "मामा, आधी पाय धुवा." त्यांच्यात आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. मला गोठ्यामागं नेऊन त्यानं हात जोडले.

"बाबांना सांगितलं नाय आम्ही. झटका येऊन गेला तेव्हाच आत्या गेली. डॉक्टर म्हणला, धक्का बसता कामा नये."

"म्हणून मेलेली बाई जिती ठेवली का रे तुम्ही? विचारत नाही तो?"

"रोज विचारतात. फोनवर त्यांना ऐकू येत नाय, म्हणून निभावलं. तुम्ही येताय ते कळवायचं तरी व्हतं."

"आणि आता मी काय सांगू त्याला?"

"गुडघे धरलेत म्हणा."

मी जन्मात कोणाची भीड धरली नाही. तोंडावर बोलणारा माणूस म्हणून सायखेड्यात माझं नाव आहे. पण अंगणात आलो, तो माणूस माझ्याकडं लेकरासारखा बघत होता, आणि मी म्हणालो, "गुडघे धरलेत तिचे. घाट झेपला नसता."

"तरी म्हणलं. खड्ड्यात राहून राहून गुडघ्यांत ओल मुरली तिच्या," किसनदादा म्हणाला. कुठला खड्डा ते मी विचारलं नाही. मला तिथून उठायचं होतं फक्त.

जेवायला नागलीची भाकरी, उडदाचं भुजं, म्हणजे घट्ट वरण, आणि खुरासणीची चटणी. आमच्या बाजरीपेक्षा नागली हलकी. वहिनी चुलीपुढं डोळे पुसत होती आणि धुराचं नाव सांगत होती. आणि किसनदादाचं आपलं सुरूच.

"वहिनीला तुमच्या म्हणावं, चटणी बांधून द्या चांगुणासाठी. तिला लय आवडती. अन् थोडी नागली पण द्या. तिकडं ऊस खाऊन कंटाळली आसंल."

"देते," वहिनी म्हणाली.

"थोडी नको, पायली दे."

"देते म्हणलं ना!" वहिनी ओरडलीच.

किसनदादा मला डोळा घालून म्हणाला, "बघितलं का दाजी, नणंदेचं नाव काढलं की अजून तिखट लागतं हिला."

आढ्याला फडक्यात गुंडाळलेली एक लांब वस्तू टांगलेली होती. पूर्वी आलो तेव्हाही ती तिथं असायची. मी तिच्याकडं बघत पडलो.

सकाळ

उठलो ते ठरवूनच. चांगुणानं मूठ पोचती करायला सांगितली होती, माझ्या मरणाची बातमी द्या असं काही म्हणाली नव्हती. म्हणलं, मूठ देऊ, तिनं पाठवली म्हणून सांगू, आणि पहिल्या जीपनं निघू. तिचंही काम होईल, वामनचं म्हणणंही राहील. मला माझ्या डोक्याचं कौतुक वाटलं. वामन गाईकडं गेला होता. किसनदादा उन्हाला बसला होता. मी पिशवीतून मूठ काढली आणि त्याच्या उजव्या हातात दिली.

"चांगुणानं पाठवलीय. म्हणाली, आमच्या आरकसाला पोचती करा."

तो मुठीकडं बघत राहिला. मग बोटानं खाच चाचपली. मग मूठ नाकाशी नेली. लसणाचा वास येत असणार.

"कधी गेली?" त्यानं विचारलं.

"कोण?"

"दाजी, ही मूठ माणूस असताना येत नाय."

दारात वहिनी मटकन खाली बसली, आणि तिच्या रडण्यावरून त्याला उरलेलं कळलं. मी म्हणालो, "पावसाच्या तोंडाला."

तो ओरडला नाही, छाती धरली नाही. मूठ मांडीवर ठेवून तिच्यावर हात ठेवला. मग बोलला.

"तुम्हाला सांगितलं नाय तिनं कधी?"

"नाही."

"तुमची आई आरकसाची म्हणून दोन-चारदा टाकून बोलली, मग तिनं तो विषयच मिटवला. मला म्हणायची, दादा, सासरी आपलं काम काढायचं नाय. बाप ओंडक्यावरनं पडला, पाठ मोडली. मला जोडीदार नाय. मग ही परकर खोचून खड्ड्यात उतरली. मी वर, ती खाली. भुसा सगळा खालच्याच्या डोळ्यांत येतो. ती ओला पंचा बांधायची कपाळाला. वरनं मला ती दिसायचीच नाय, नुसता तिचा आवाज. माझं ओढून झालं की मी थांबायचो. तिनं ओढायला घेतलं की खालनं म्हणायची, हां. त्या हां वर काम चालायचं. हां बारीक आला की मी विडीचं निमित्त करून थांबायचो."

मी ऐकत होतो. घरात मी काही बोललो की चांगुणा आतून हां म्हणायची. पाऊस येईल, हां. पाहुणे येतील, हां. माझ्या मनात नेहमी यायचं, ही ऐकते तरी का.

"आमच्यात रीत व्हती," किसनदादा म्हणाला. "जोडीतलं एक लांब निघालं, तर त्याच्या टोकाची मूठ त्याच्यासंगं द्यायची. आरा टांगून ठेवायचा. त्याच्या जागी दुसरा लावायचा नाय. रानात कोण सांगावा आणणार? मूठ परत आली की समजायचं, जोडीदार गेला. बापाचा जोडीदार डांगात, गुजरातकडच्या रानात, गेला व्हता, त्याची पण मूठच आली. मी तिला लग्नात दिली तेव्हा म्हणलं, ही मला परत बघायला लावू नको. मी मोठा, मी आधी जाणार. तर हसली."

एवढ्यात वामन आला. बापाच्या मांडीवरची मूठ बघितली, वहिनीचं रडणं बघितलं, आणि माझ्यावर धावलाच. "मामा, हात जोडले व्हते मी तुमच्यापुढं!"

"मला ठाऊक नव्हतं रे," मी म्हणालो. खरंच नव्हतं.

"त्यांना बोलू नको," किसनदादा म्हणाला. "त्यांनी दिलं ते बरोबर दिलं. चार महिने मला फसवलं तुम्ही. रोज सकाळी मी तिच्या गुडघ्यांची काळजी करत व्हतो. आता आरा उतरव."

"बाबा, डॉक्टर..."

"उतरव म्हणतो ना."

वहिनी पदरानं नाक पुसून म्हणाली, "उतरव रे. होऊ दे त्यांच्या मनासारखं."

फडकं सोडलं. आरा माणसापेक्षा लांबच होता. चाचा खरं बोलले होते. दात्यांवर गंजाचा एक डाग नाही. वर्षाला तेल लावायचा म्हणे. वरच्या टोकाला त्याची मूठ, खालचं टोक मोकळं. त्यानं स्वतः सांगून वामनकडून तिथं चांगुणाची मूठ बसवून घेतली आणि पाचर ठोकवली. जागच्या जागी बसली, लग्नात नाही, काल काढल्यासारखी.

दोन दगडांवर सागाचा एक वाळका तुकडा ठेवला. किसनदादा म्हणाला, "वर-खाली आता जमायचं नाय. समोरासमोर बसू. दाजी, तुम्ही तिच्या टोकाला."

"मला येत नाही."

"तिलाही येत नव्हतं."

बसलो. त्यानं एका हातानं ओढलं, मी जोर लावला, पातं धनुष्यासारखं वाकलं आणि खाचेबाहेर उडालं.

"ढकलू नका! कोण ढकलायला सांगितलंय? माझी पाळी असताना तुम्ही काय करायचं नाय. नुसती धरून राहायची, सैल. माझं झालं की मग तुम्ही ओढा."

पुन्हा केलं. पुन्हा ढकललं मी. मळ्यात सगळा जन्म ढकलण्यातच गेलेला, फावडं काय, भाजीची गाडी काय. तिसऱ्या-चौथ्या खेपेला हात सुटला आणि आरा आपोआप त्याच्याकडं गेला. मग मी ओढला. खर्रकन भुसा पडला.

"हां म्हणा," किसनदादा म्हणाला.

"काय?"

"ओढताना हां म्हणा. जोडीदार ओढतोय का ते मला बघून कळत नाय, ऐकूनच कळतं."

मी म्हणालो, "हां."

त्यानं ओढलं. मी म्हणालो, "हां." त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायला दुसरा हात चालत नव्हता. माझा चालत होता, पण आरा सोडायचा नव्हता. किती वेळ ओढलं ते मोजलं नाही. तुकडा काही दोन झाला नाही. दोन बोटं खाच पडली असेल. मग माझा हां बारीक आला असेल, कारण तो म्हणाला, "थांबू. विडी ओढतो." त्याची विडी डॉक्टरनं कधीच बंद केली होती. त्यानं मागितलीही नाही.

परत

निघताना मी मूठ आऱ्यातच राहू द्या म्हणालो. काम पोचतं करायचं होतं, झालं. पण किसनदादानं पाचर काढायला लावली आणि मूठ माझ्या हातात दिली.

"तुम्ही तिच्या टोकाला बसलात. आता ती तुमची. तुमच्यामागं ती घेऊन तुमच्या पोराला इकडं यायला सांगा."

"आणि तू आधी गेलास तर?"

"तर वामन माझी मूठ तुमच्याकडं घेऊन येईल. काय रे?" त्यानं मुलाकडं बघितलं. "लपवाछपवी करायची नाय. मूठ घेऊन जायचं."

वामन मान खाली घालून हो म्हणाला. मला फाट्यापर्यंत सोडायला आला, जीप येईपर्यंत शेजारी उभा राहिला. वहिनीनं चटणी आणि पायलीभर नागली बांधून दिली होती. कोणासाठी बांधली होती ते ती विसरली नव्हती, मीही नाही. तरी तिनं दिली आणि मी घेतली.

येताना खिडकीशी बसलो. शेजारी एक माणूस बसला, त्यानं पेठ ते नाशिक त्याच्या म्हशीची कथा सांगितली. मी हां हां म्हणत राहिलो.

घरी आलो तर संगीतानं मूठ बघून विचारलं, "आबा, परत आणलीत?"

मी सगळं सांगितलं. मुलालाही सांगितलं, माझ्यामागं ही कुठं न्यायची ते. संगीतानं मूठ पदरानं पुसली आणि म्हणाली, "मग आता आईंच्या फोटोपाशी ठेवू का? जपून राहील."

म्हणलं, "नको. मिरची कूट."

ती आत गेली. मी ओट्यावर बसलो. आतून कुटल्याचा आवाज यायला लागला, ठक, आणि मध्ये जरा थांबून पुन्हा ठक. थांबली की माझ्या तोंडातून आपसूक निघालं, "हां."

"काय म्हणालात आबा?" संगीतानं आतून विचारलं.

"काय नाय. चालू दे तुझं."